ऑस्ट्रेलियन कादंबरीतले स्थलांतरित : कोणाच्या हातात कोणता कागद?

शाईदौत

ऑस्ट्रेलियन कथा-कादंबऱ्यांतल्या स्थलांतरितांबद्दल इथे अधूनमधून एखादा प्रतिसाद येतो आणि भलत्याच धाग्याखाली गाडला जातो, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

स्थलांतराची गोष्ट म्हटली की आपण आधी घरची आठवण शोधतो. आईच्या हातचं जेवण, सुटलेलं अंगण, विमानतळावर भरून आलेले डोळे. त्या तयारीने ही पुस्तकं उघडली तर निम्मा मजकूर डोळ्यांखालून नुसता निघून जातो. माझं म्हणणं असं, की इथे पात्राच्या मनाआधी त्याच्या खिशातला कागद बघावा. तो कधी आला, कशावर आला (विद्यार्थी व्हिसा, बोट, कुटुंब, नोकरी) आणि आज त्याच्याकडून काय काढून घेता येईल, या तीन गोष्टी प्रत्येक मुख्य पात्रासमोर पेन्सिलने लिहून ठेवा. पुढची घडामोड बहुतेक वेळा तिसऱ्या उत्तरातून निघते.

त्यासाठी सात सालं वहीच्या पहिल्या पानावर असावीत. १९०१ : गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणारा कायदा, ज्यात अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेतला ५० शब्दांचा उतारा लिहून घ्यायचा आणि नको असलेल्या माणसाला न येणारी भाषा मुद्दाम निवडायचा. १९५८ : ती श्रुतलेखनाची परीक्षा रद्द. १९७३ : व्हिसा देताना वंश पाहणं बंद. १९९२ : व्हिसाविना आलेल्यांना सक्तीने स्थानबद्ध करणं सुरू. १९९९ : व्हिसाविना आलेल्याला आश्रय मिळाला तरी तीन वर्षांपुरताच तात्पुरता व्हिसा. २००१ : टाम्पा या नॉर्वेजियन मालवाहू जहाजाने समुद्रातून ४३३ आश्रयार्थींना उचललं, सरकारने त्यांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही, आणि पॅसिफिकमधल्या नाउरू व मानुस बेटांवरची स्थानबद्धता केंद्रं उभी राहिली. २०१३ : १९ जुलैनंतर बोटीने येणाऱ्याला ऑस्ट्रेलियात कधीच वसू देणार नाही, ही घोषणा.

आता अरविंद अडिगा यांची 'अ‍ॅम्नेस्टी' (२०२०) घ्या. डॅनी हा श्रीलंकेतल्या बट्टिकलोआचा तमिळ. विद्यार्थी व्हिसावर सिडनीला आला, आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, तरी राहिला. पाठीवर व्हॅक्यूम क्लीनर बांधून घरं साफ करतो, किराणा दुकानाच्या वरच्या कोठीत झोपतो. ज्या बाईचं घर तो साफ करायचा तिचा खून होतो, आणि तो कुणी केला असावा हे त्याला जवळजवळ ठाऊक आहे. पोलिसांना फोन केला तर खुनी सापडेल आणि डॅनीची रवानगी होईल. सगळी कादंबरी एका दिवसाची. मजकुरात मध्येमध्ये घड्याळातली वेळ छापलेली आहे. रहस्यकथा म्हणून वाचायला घेणारे वैतागतात, कारण खुनी कोण हे लवकरच कळतं. पुढच्या पानापानावर एकच गणित चाललेलं असतं : फोन उचलायचा की नाही. साक्ष द्यायला कुणाला परवडतं, हा प्रश्न इतक्या जवळून फार थोड्या कादंबऱ्यांनी विचारला आहे.

आणि त्याच्या केसांतल्या सोनेरी बटा विसरू नका. अंगावर मळके कपडे आणि भेदरलेली नजर असली की रस्त्यावर अडवतात. केस रंगवलेला, ऐटीत चालणारा तरुण इथलाच वाटतो. त्या बटा त्याचं ओळखपत्र आहेत.

रानजाई

शाईदौत, पहिल्या पिढीपुरतं पटलं. पण दुसऱ्या पिढीकडे कागद चोख असतो, तिथे ही किल्ली लागत नाही.

मायकल मोहम्मद अहमद यांची 'द लेब्स' (२०१८) पाहा. सिडनीच्या पश्चिमेकडचं पंचबोल बॉइज हायस्कूल, भोवती काटेरी तारा आणि कॅमेरे, आत बानी अ‍ॅडम आणि त्याचे लेबनीज वर्गमित्र. बहुतेक पोरं तिथेच जन्मलेली, नागरिकत्वाचा प्रश्नच नाही. त्यांना बांधून ठेवते ती वस्ती. पिन कोड सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो. क्रिस्तोस त्सिओल्कास यांच्या 'लोडेड'मध्ये (१९९५) मेलबर्नचा ग्रीक तरुण चोवीस तासांत शहराच्या पूर्व, उत्तर, दक्षिण आणि पश्चिम भागांतून फिरतो, आणि प्रकरणांची नावंही त्या दिशांचीच आहेत. मेलिना मार्चेटा यांची 'लुकिंग फॉर अ‍ॅलिब्रँडी' (१९९२) किशोरांसाठी लिहिलेली. तिथेही इटालियन मुलीची अडचण व्हिसाची नाही, श्रीमंत कॅथलिक शाळेतल्या वर्गभेदाची आहे.

म्हणून ही पुस्तकं वाचताना सिडनीचा नकाशा शेजारी उघडा ठेवा. रेल्वेमार्गाचा नकाशा जास्त उपयोगी. पॅरामाटा, पंचबोल, कॅब्रामाटा, ऑबर्न ही स्थानकं कुठे आहेत आणि बंदर, ऑपेरा हाउस, बोंडाय कुठे, हे एकदा पाहिलं की पात्र गाडीत बसल्यावर गप्प का होतं ते कळतं. ही पुस्तकं नकाशाशिवाय वाचली तर सगळी उपनगरं सारखीच वाटतात. हीच चूक सर्वांत जास्त होते.

शाईदौत

नकाशाचं शंभर टक्के मान्य. पण कॅब्रामाटाचं नाव घेतलंत म्हणून ट्रेसी लिएन यांची 'ऑल दॅट्स लेफ्ट अनसेड' (२०२२) सुचवते. १९९६, कॅब्रामाटा ही सिडनीतली व्हिएतनामी वस्ती, हेरॉइनचे दिवस. शाळेत हुशार म्हणून नावाजलेला डेनी भर रेस्तराँमध्ये मारला जातो. आसपास डझनभर माणसं, आणि प्रत्येकाचं उत्तर : आम्ही काही पाहिलं नाही. त्याची मोठी बहीण (नाव 'की') मेलबर्नमध्ये पत्रकार आहे. ती घरी येते आणि एकेका साक्षीदाराचं दार ठोठावते.

'अ‍ॅम्नेस्टी'शी जोडून वाचा. तिथे साक्षीदाराकडे कागद नाही म्हणून तोंड बंद. इथे कागद आहे, तरी तोंड बंद. तुमचा आक्षेप मला इथे खरा वाटतो. व्हिएतनाममधून सरकारला भिऊन पळालेल्या माणसाच्या हातात नव्या देशाचं नागरिकत्व आलं, तरी गणवेशातल्या माणसाची भीती त्या कागदाने जात नाही. लेखिकेने साक्षीदारांना स्वतंत्र प्रकरणं दिली आहेत. ते पोलिसांना आणि 'की'ला जे सांगत नाहीत, ते वाचकाला कळतं. त्यामुळे वाचक सगळ्यांत जास्त जाणणारा साक्षीदार होऊन बसतो.

किल्ली

लहान मुलांसोबत सुरुवात करायची असेल तर शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल' (२००६). त्यात एकही वाचता येणारा शब्द नाही, सगळी पेन्सिलची चित्रं, जुन्या फोटोंच्या तपकिरी रंगात. मुलांसोबत कसं वाचायचं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण बरेच जण दहा मिनिटांत पानं उलटून 'छान आहे' म्हणून बाजूला ठेवतात.

पुठ्ठा उघडल्यावर आतल्या पानांवर पासपोर्टच्या फोटोंसारखे ६० चेहरे आहेत. ते आधी बघू द्या. मुलं आपणहून एखादा चेहरा निवडतात. मग पहिलं प्रकरण. बाप कुटुंबाचा फोटो कागदात गुंडाळून पेटीत ठेवतो, आई-मुलगी स्टेशनवर निरोप देतात, आणि गावावर काटेरी शेपटीची सावली फिरते आहे. ती कशाची, हे सांगू नका. टॅननेही सांगितलेलं नाही. दुष्काळ, युद्ध, कर्ज, मुलांना जे सुचेल ते तिथे बसतं.

जहाजाच्या प्रवासात एक जोडपान आहे ज्यावर फक्त ६० ढग, छोट्या चौकोनांत. तिथे हमखास घाई होते. मुलांना ढग मोजायला लावा. मोजताना जो कंटाळा येतो, तोच प्रवासातला काळ. पुढे तपासणीचा हॉल येतो, माणसाच्या कोटावर चिठ्ठ्या टाचल्या जातात, त्याला काही विचारतात आणि तो हातवारे करतो. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या जुन्या फोटोंचा आधार या पानांना आहे. नव्या शहरातली अक्षरं टॅनने रोमन लिपीचे तुकडे उलटसुलट जोडून बनवली, त्यामुळे इंग्रजी येणारा वाचकही तिथे निरक्षर होतो. पोस्टर चिकटवायचं काम मिळतं तेव्हा तो सगळी पोस्टरं उलटी लावतो, आणि उलटी लागली आहेत हे आपल्यालाही पटकन कळत नाही. मुलांना इथेच थांबवून विचारा : 'त्याची चूक तुला आधी दिसली का?'

तासाभराचा वेळ ठेवा, एका वेळी दोन प्रकरणंच घ्या. एकूण सहा आहेत. आणि मोठ्यांनी चित्रांवर स्वतः संवाद रचून सांगायचा मोह टाळावा. बोललं की भाषा आली, आणि भाषा आली की बाप एकटा उरत नाही.

शाईदौत

किल्ली, फार उपयोगी लिहिलंत. एक भर घालते.

शेवटी त्याची बायको आणि मुलगी येऊन पोहोचतात, आणि मुलगी रस्त्यात नकाशा घेऊन गोंधळलेल्या नव्या बाईला वाट दाखवते. पुस्तक आलं २००६ साली. त्या वेळी ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या संरक्षण-व्हिसावर असलेल्या माणसाला बायकामुलांना बोलावून घ्यायचा हक्कच नव्हता. तो व्हिसा २००८ मध्ये रद्द झाला आणि २०१४ मध्ये पुन्हा आला. टॅनने काळ आणि देश दोन्ही काल्पनिक ठेवले आहेत, तरी त्या साली ऑस्ट्रेलियात हे शेवटचं पान पाहणाऱ्या एखाद्या इराकी किंवा अफगाण बापाला जे मिळणार नव्हतं तेच त्यात काढलेलं आहे. मला त्या पानावर नेहमी आधी आनंद होतो आणि मग ही तारीख आठवते.

पानगळ

'नो फ्रेंड बट द माउंटन्स' या धाग्यात धरायचं का? ते कादंबरी म्हणून वाचणारे बरेच आहेत.

रानजाई

पुरस्कारांच्या हिशेबात ते ललितेतर आहे. बेहरूझ बूचानी हे कुर्दी-इराणी पत्रकार मानुस बेटावर स्थानबद्ध असताना फारसीत, फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांतून तुकड्यातुकड्याने लिहीत गेले आणि ओमिद तोफिघियान यांनी त्याचं इंग्रजी केलं. २०१८ साली छापलं. पण बांधणीत कादंबरीची सगळी सामग्री आहे. माणसांना नावांऐवजी टोपणनावं, अनेकांचं मिळून एक पात्र, गद्यातून मध्येच पद्यात जाणं. एखाद्याची खरी ओळख छापली तर तो अडचणीत येईल, हे टोपणनावांमागचं साधं कारण. म्हणजे इथेही तुमचा कागद आलाच, शाईदौत.

आणखी एक. २०१९चा व्हिक्टोरियन प्राइज फॉर लिटरेचर (एक लाख डॉलर) याच पुस्तकाला मिळाला. नियमाप्रमाणे लेखक ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायम रहिवासी हवा. बूचानींना देशात पायही ठेवू दिलेला नव्हता. आयोजकांनी अपवाद केला.

तिठा

आपल्याकडच्या वाचकाने रोआना गोन्साल्विस यांच्यापासून सुरुवात करावी असं मला ठामपणे वाटतं. मुंबईत वाढलेल्या लेखिका, सोळा कथा, २०१६. ऑस्ट्रेलियात पुस्तकाचं नाव 'द पर्मनंट रेसिडेंट', आणि भारतीय आवृत्ती 'सुनीता डिसूझा गोज टू सिडनी' नावाने आली. विकत घेताना ही दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवू नका.

यातली बरीच माणसं मुंबई-गोव्याकडची कॅथलिक. त्यांचं इंग्रजी वांद्र्याचं आहे, आणि सिडनीला पोहोचल्यावर कळतं की जन्मापासून बोललेलं हेच इंग्रजी तिथे 'परकं' ठरतं. मराठी किंवा पंजाबी स्थलांतरिताला घरात शिरून आपली भाषा बोलता येते. यांनी दार लावलं तरी आत तीच भाषा, जिच्यावर बाहेर कुणी भुवई उंचावली होती. ही कोंडी मला दुसरीकडे वाचायला मिळालेली नाही.

'करी मंचर २.०' ही कथा तर वर्गात शिकवण्याजोगी ('करी मंचर' म्हणजे करी खाणारा, भारतीयांना दिली जाणारी शिवी). २००९च्या सुमाराला मेलबर्न आणि सिडनीत भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते, त्या दिवसांची. रेस्तराँमधलं काम संपवून रात्री घरी निघालेला विद्यार्थी मार खातो. हे वाचताना त्या वेळचा नियम माहीत हवा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करायची मुभा होती (१ जुलै २०२३पासून पंधरवड्याला ४८ तास). भाडं आणि फी त्या तासांत निघत नाही. मग वरचे तास रोखीत, मालकाच्या मर्जीवर, आणि परतीची गाडी शेवटची. निर्जन फलाटावर तो त्या वेळी का होता, याचं उत्तर व्हिसाच्या अटीत आहे. पोलिसात जाताना त्याला आधी स्वतःचे तास मोजावे लागतात.

दुसरं पुस्तक सुनीता पेरेस दा कॉस्ता यांचं 'सौदाद' (२०१८), लघुकादंबरी, एका दुपारी संपते. पोर्तुगीज अंगोलात स्थायिक झालेलं गोव्याचं कुटुंब, आणि निवेदन मुलीच्या तोंडून. काळ अंगोलाच्या स्वातंत्र्याआधीचा, म्हणजे १९७५च्या मागचा. तोवर गोवा मुक्त होऊन गेलेला. ही माणसं गोऱ्या सत्तेच्या सावलीत नोकरी करतात, काळ्या नोकरांवर हुकूम चालवतात आणि गोऱ्यांच्या लेखी स्वतः खालचीच राहतात. स्थलांतरित नेहमी सोसणाराच असतो हा समज इथे मोडतो. घरातल्या नोकराणीकडे मुलगी ज्या नजरेने बघते, ते प्रसंग सावकाश वाचा.

पानगळ

पण मग त्यात ऑस्ट्रेलिया कुठे आहे?

तिठा

नाहीच. लेखिका सिडनीची, एवढाच धागा. माइल्स फ्रँकलिन या ऑस्ट्रेलियातल्या मानाच्या कादंबरी-पुरस्काराची अट 'ऑस्ट्रेलियन जीवनाचा कोणताही टप्पा' अशी आहे, १९५७पासून. त्या अटीत हे पुस्तक बसवणं कठीण. पण स्थलांतरितांच्या मुलांनी फक्त आपल्या उपनगराबद्दलच लिहावं, ही अपेक्षा मला जाचक वाटते. नाम ले यांनी 'द बोट'मध्ये (२००८) त्याच अपेक्षेशी समोरासमोर झुंज दिली आहे. सात कथा. पहिलीत नाम नावाचा तरुण लेखक अमेरिकेतल्या लेखन-कार्यशाळेत आहे, मित्र सुचवतो की व्हिएतनामचंच लिही, ते खपतं. तो वडिलांची गोष्ट लिहितो, आणि वडील ते हस्तलिखित जाळतात. पुढच्या पाच कथा कोलंबिया, न्यूयॉर्क, ऑस्ट्रेलियातलं मासेमारीचं गाव, हिरोशिमा, तेहरान अशा फिरतात. सातवीत व्हिएतनामहून निघालेली बोट येते.

काही जण पहिली आणि शेवटची वाचून मधल्या गाळतात. तसं करू नका. मधल्या पाच वाचून थकल्यावरच सातवीतली बोट हवी तेवढी जड वाटते. लेखकाने ती शेवटी ठेवली त्याला कारण आहे.

रानजाई

आपल्याच लोकांबद्दल लिहायची ही अपेक्षा उलट्या बाजूने काय करते त्याचं उदाहरणही नोंदवून ठेवावं. १९९५चा माइल्स फ्रँकलिन 'द हँड दॅट साइन्ड द पेपर'ला मिळाला. लेखिकेने हेलन डेमिडेंको या नावाने, युक्रेनियन वंशाची म्हणून लिहिलं होतं. मग उघड झालं की आईवडील इंग्लंडहून आलेले आणि युक्रेनशी नातं नाही. परीक्षकांनी पुस्तकाला जे गुण दिले त्यांतले किती मजकुराचे आणि किती आडनावाचे, हा वाद त्यानंतर मिटलेला नाही. आजही एखादं पुस्तक 'अस्सल' म्हणून हातात दिलं की मी आधी वाक्यं तपासते, लेखकाचा परिचय नंतर.

किल्ली

एका वाचनगटासाठी मला क्रम विचारलाय : सहा महिने, महिन्याला एक बैठक, दहा-बारा माणसं. सुचवाल?

शाईदौत

पहिल्या महिन्यात 'द अरायव्हल', बैठकीतच पाहायचं, दोन प्रती पुरतात. दुसऱ्यात गोन्साल्विस यांच्या चार-पाच कथा. तिसऱ्यात 'अ‍ॅम्नेस्टी'. चौथ्यात ए. एस. पॅट्रिच यांची 'ब्लॅक रॉक व्हाइट सिटी' (२०१५, पुढच्या वर्षीचा माइल्स फ्रँकलिन). युगोस्लाव्हियातलं युद्ध आणि दोन्ही मुलांचा मृत्यू मागे टाकून मेलबर्नला आलेलं जोडपं. तिकडे कवी आणि प्राध्यापक असलेला योवान इथे हॉस्पिटलात सफाई करतो, आणि भिंतींवर कुणीतरी लिहून ठेवलेली भयंकर वाक्यं पुसायचं काम त्याच्याकडे येतं. यासाठी बैठक जरा लांब ठेवा.

पाचव्यात शंकरी चंद्रन यांची 'चाय टाइम अ‍ॅट सिनॅमन गार्डन्स' (२०२२, पुढच्या वर्षीचा माइल्स फ्रँकलिन). सदस्यांना आधीच सांगून ठेवा की नाव आणि मुखपृष्ठ बघून हलकीफुलकी समजू नका. पश्चिम सिडनीतला वृद्धाश्रम, चहा, मसाले, सगळं आहे. पण श्रीलंकेतल्या यादवीतले छळाचे प्रसंगही आहेत, ते वाचवत नाहीत. कॅप्टन कुकच्या पुतळ्यावरून पेटणारा वाद हा तिचा कणा. कुणाचा देश, कुणाचा इतिहास, हे विचारताना मूळ रहिवाशांच्या दृष्टीने १७८८नंतरचे (ब्रिटिश वसाहत सुरू झाली ते साल) सगळेच आगंतुक, हा मुद्दा बैठकीत निघेलच, निघू द्या.

सहाव्यात मिशेल डी क्रेत्सर यांची 'स्केअरी मॉन्स्टर्स' (२०२१). या पुस्तकाला दोन मुखपृष्ठं आहेत. एका बाजूने लिलीची गोष्ट : आशियातून ऑस्ट्रेलियात गेलेली तरुणी, १९८१ साली फ्रान्समध्ये शिकवते. पुस्तक उलटं धरलं की लायलची : नजीकच्या भविष्यातला ऑस्ट्रेलिया, तो सरकारी खात्यात नोकरीला, परत धाडतील या भीतीने अंगातलं सगळं 'बाहेरचं' पुसत चाललेला, आणि घरात म्हातारी आई. गटाचे दोन भाग करा, निम्म्यांनी लिलीपासून सुरुवात करायची, निम्म्यांनी लायलपासून, आणि बैठकीपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. लायल आधी वाचणाऱ्यांना लिलीच्या भागात पुढे येणाऱ्या संकटाच्या खुणा दिसतात. लिली आधी वाचणाऱ्यांना लायल म्हणजे तिच्या आशांचा शेवट वाटतो. ई-बुकमध्ये पुस्तक उलटता येत नाही, तेव्हा ते वापरणाऱ्यांना बाजू चिठ्ठी टाकून द्या.

डी क्रेत्सर यांची 'क्वेश्चन्स ऑफ ट्रॅव्हल' (२०१२) मला जास्त आवडते, पर्यटक लॉरा आणि श्रीलंकेतून जीव वाचवून आलेला रवी यांची आळीपाळीने येणारी प्रकरणं. पण पाचशेच्या वर पानं आहेत आणि दोन्ही धागे फार उशिरा जवळ येतात. महिन्याच्या मुदतीत गट मध्येच सोडतो.

ओहोटी

अनुवादाच्या बाजूने थोडं. वरच्या यादीतलं काही मराठीत आणायचं कुणाच्या मनात असेल तर तीन खड्डे आधीच दाखवते.

पहिला, मोडकी भाषा. योवानच्या डोक्यात सर्बियन चालते तेव्हा गद्य श्रीमंत आहे. तो इंग्रजी बोलतो तेव्हा तुटकं. मराठीत हे करताना अनुवादक सवयीने ग्रामीण बोली वापरतो. ती सपशेल चूक, कारण ग्रामीण बोली मोडकी नसते, बोलणारा तिच्यात पूर्ण घरी असतो. दुसरा मोह लिंगं चुकवायचा : 'माझा बायको', 'तो भिंत'. कानाला बरोबर वाटतं, पण मराठी रंगभूमीने ही लकब पिढ्यान् पिढ्या विनोदासाठी वापरली आहे. वाचक हसतो, आणि मुलं गमावलेल्या माणसावर हसतो. त्याऐवजी व्याकरण शुद्ध ठेवून वाक्यातून सगळं मांस काढावं. उदाहरणार्थ (हे माझं, पुस्तकातलं नव्हे) : 'रंग जात नाही. उद्या परत पुसतो. आज बास.' कुठलंही 'तर', 'पण', 'म्हणजे', 'ना' येऊ द्यायचं नाही. मराठीत माणूस मुरला आहे हे या चिल्लर शब्दांवरून कळतं. ते काढले की परकेपणा येतो आणि हसू येत नाही.

दुसरा खड्डा, कायद्याचे शब्द. अर्ज अजून लटकलेला तो 'आश्रयार्थी', अर्ज मान्य झाला की 'निर्वासित'. हे दोन्ही सरमिसळ केले तर 'अ‍ॅम्नेस्टी'चा पेचच कळणार नाही. शिवाय 'निर्वासित' म्हटलं की आपल्या जुन्या वाचकाला फाळणी आणि उल्हासनगरची छावणी आठवते, जिथे आलेल्यांना परत पाठवायचा प्रश्न नव्हता. बेटांवरच्या केंद्रांना 'तुरुंग' लिहू नये, पात्र स्वतः म्हणत असेल तरच लिहावं. तुरुंगात शिक्षा असते आणि शिक्षेला मुदत असते. 'स्थानबद्ध' हा मराठीतला नेमका शब्द आहे, खटल्याविना आणि मुदतीविना अडकवलेल्या माणसासाठी. मॅक्सीन बेनेबा क्लार्क यांच्या 'फॉरेन सॉइल'मध्ये (२०१४) सिडनीच्या व्हिलावुड केंद्रात अडकलेल्या श्रीलंकन मुलाची कथा आहे, तिथे हा एक शब्द सगळा भार उचलतो.

तिसरा, शिव्या. 'वॉग' (ग्रीक-इटालियनांसाठी), 'लेब' (लेबनीजांसाठी), 'करी मंचर' यांचं भाषांतर करू नये, देवनागरीत तसेच ठेवावेत. मराठीत एखाद्या जातीची वा प्रांताची शिवी घातली की गोष्ट सिडनीहून थेट दादरला येते आणि भलत्याच माणसांना लागते. 'लेब' तर पोरं एकमेकांना अभिमानानेही म्हणतात. हा दुहेरी वापर संदर्भातून कळतो, तळटीप लागत नाही.

पानगळ

ओहोटी, आणि 'बोट'? नाम ले यांच्या शीर्षकाचं काय कराल?

ओहोटी

त्यावर बरेच दिवस अडून आहे. 'बोट' मराठीतही चालतं, पण आपल्या कानात ती भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट : भोंगा, तिकीट, बंदरावर न्यायला आलेली माणसं. 'जहाज' फार मोठं, ते टाम्पाला ठेवावं. 'होडी' फार लहान, तिच्यात चार माणसं आणि एक वल्हं दिसतं. 'गलबत'ला शिडाचा आणि इतिहासाचा वास. या माणसांनी वापरल्या त्या बहुधा मासेमारीच्या लाकडी नावा, तळात मासे भरायची जागा आणि त्या जागेत दाटीने बसवलेली माणसं. त्याला आपल्या किनाऱ्यावर शब्द आहे, 'मचवा'. मच्छीचा वास त्यात आहे, लाकूडही आहे.

अडचण एवढीच की पुण्या-नागपूरच्या वाचकाला तो लगेच दिसणार नाही. म्हणून मजकुरात पहिल्यांदा येतो तिथे 'मासेमारीचा मचवा' असं लिहायचं, त्याच परिच्छेदात फळ्यांमधून झिरपणारं पाणी येऊ द्यायचं, आणि पुढे नुसतं 'मचवा'. शीर्षकात मात्र सध्या 'बोट'च ठेवलं आहे.

तिठा

शीर्षकातही 'मचवा' करा. एका पानात वाचक शिकतो.